टीव्हीवर राहिलेली डिस्क

भुताखेतांच्या गोष्टींचं मला पहिल्यापासून वावडं. अमावस्येला गिऱ्हाइकाकडे नवा कॉम्प्युटर लावून देणारा माणूस मी... लोक तोंडावर येडा म्हणायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण ते फार टिकत नाही.

२००६-०७ची गोष्ट. मंचरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, घर पारगावजवळ. आमच्या गावातल्या शाळेसाठी तिथल्या गायकवाड मॅडमनी खटपट करून जुने कॉम्प्युटर मिळवले होते. दोन दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार होते. मशीन्स चालू हवीत, त्यावर मराठी टाइप व्हायला हवं, नाहीतर सगळी दुसऱ्या शाळेला जाणार. "भाऊ, एकदा गेली की परत यायची नाहीत," मॅडम म्हणाल्या. माझी मुलगी स्नेहल त्याच शाळेत होती, त्यामुळे मलाही घोर लागला.

शाळेत इंटरनेट नव्हतं. म्हणून मी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटची सिस्टीम, तिची सगळी पॅकेजेस एका हार्ड डिस्कवर भरली. ती सर्व्हरला, म्हणजे मुख्य मशीनला लावायची, मग वर्गातली मशीन्स केबलवरून तिथूनच सगळं स्वतःत ओढून घेतात – लोकल रिपॉझिटरी म्हणतात त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पिशवीतून डिस्क काढली, लावली. फाइलींची नावं स्क्रीनवर सरसर आली. दिवस मावळायच्या आत सगळी मशीन्स तयार! पडद्यावर मराठी अक्षरं उमटली तेव्हा मॅडमचे डोळे भरून आले.

घरी आलो तर बायको दारातच. "आवं, ही डिस्क न्यायची व्हती ना? मी आत्ता शेतातनं आले तर ही हितंच, टीव्हीवर!"

डिस्कवर माझ्याच अक्षरात पट्टी – 'शाळा'.

मग मी लावून काय आलो होतो?

सकाळी साहेबांच्या आधी शाळेत पोचलो. सर्व्हरमध्ये होती ती कांद्याच्या आडतीवरून आलेली डिस्क. मीच तपासून, मेली म्हणून बाजूला टाकलेली. पुन्हा लावून पाहिली तर फिरतसुद्धा नव्हती. मॅडमना खरं ते सांगितलं.

"मशीन्स चालतायत ना? मग आता हात लावू नका, भाऊ."

साहेबांनी स्वतःच्या गावाचं नाव टाइप केलं, खूश झाले. लॅब राहिली. मला मात्र धड जेवण जाईना. आपण पोरांपुढे नक्की काय ठेवलंय?

पुढच्या वर्षी शाळेला आणखी दोन मशीन्स मिळाली. या वेळी 'शाळा' पट्टीची डिस्क दोनदा बघून नेली. सगळं चढलं, पण मराठीच्या जागी नुसते चौकोन. डिस्क धुंडाळली, तर मराठी फॉन्टचं पॅकेज मी तिच्यावर कधी घेतलंच नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी बरोबर डिस्क नेली असती, तर लॅब गेली असती.

जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं मेलेली डिस्क कधीकधी एखादा दिवस चालते. चालत असेल... पण तिच्यावर आडतीचा हिशेब होता राव, लिनक्स कुठून आलं? आजही मला माहीत नाही.

चौकोन आले त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या, गेल्या वर्षीच्या मशीनवरून स्नेहलने हाक मारली. तिने मोठ्या अक्षरांत टाइप केलं होतं – 'पप्पा'. मला शाबास म्हणायचं होतं. पण मी तिचा हात कीबोर्डवरून उचलला आणि म्हणालो, "चल, घरी चल."