दोन्ही अंगांनी घासलेला कोयता

ती घटना आठवली की आजही माझा अंगठा आपोआप हलतो, धार तपासावी तसा. नोकरीत मी तलवारी जप्त केल्या, गावठी बंदुकाही केल्या. मनात घर करून राहिला तो मात्र ऊसतोडीचा एक साधा कोयता.

दुष्काळाची वर्षं होती. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मी एका ठाण्याचा फौजदार होतो. सहकारी साखर कारखान्याचं धुराडं नुकतंच पेटलं होतं आणि ज्याच्या विहिरीत थोडंफार पाणी होतं, त्यानं ऊस लावला होता. तोडणीला जिल्ह्यातल्याच वाशीकडून टोळ्या यायच्या आणि फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहायच्या. टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. दोघांतला एक गळाला, की दुसऱ्यालाही काम राहत नाही.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक शेतकरी सायकल दामटत आला.

"साहेब, माज्या चुलत भावाला तोडकऱ्यानं कोयता मारला! कोयता बांधावरच पडलाय, चला लवकर."

त्याचा भाऊ पहाटे विहिरीवर मोटार सुरू करायला गेला होता. मागून खांद्यावर घाव बसला. थंडीमुळे अंगावर जाड घोंगडी होती म्हणून वाचला. मारणाऱ्याचं तोंड त्याला दिसलं नव्हतं, तरी दवाखान्यात जबाब देताना तो ठामपणे म्हणाला, "तोडकरीच. दुसरं कोन मारनार?"

कोयत्याच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली होती. ती कुणाची, हे टोळीतल्या पोरासोरांनीही सांगितलं. त्याच तोडकऱ्याचं आदल्या संध्याकाळी या जखमी शेतमालकाशी वाढ्यावरून भांडण झालं होतं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. दुष्काळात ते सोन्यासारखं. मालकाला सगळं वाढं आपल्या गुरांना हवं होतं आणि तोडकऱ्याचे बैल उपाशी होते. "उद्या बघतो तुला," असं तोडकरी चारचौघांत बोलून बसला होता.

"साहेब, केस आयती ताटात वाढलीय," आमचे हवालदार म्हणाले. मलाही तसंच वाटलं. फक्त पंचनाम्याच्या वेळी पातं उन्हात धरून पाहिलं तेव्हा मनात खुट्ट झालं. रक्ताच्या डागाखाली पात्याच्या दोन्ही अंगांना दगडावर ताजं घासल्याच्या रेघा होत्या. पंचांसमोर कोयता सीलबंद केला, पण त्या रेघा डोळ्यांपुढून जाईनात.

याचं कारण माझ्या घरात आहे. आमच्याकडं शेळ्या होत्या आणि बाभळीचा डहाळा तोडायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. बाभळीला कोयता घ्यावा तो जाड पाठीचा, टोकाकडं वजन असलेला. त्याला दगडावर दोन्ही अंगांनी धार द्यावी, कुऱ्हाडीसारखी. धार फार पातळ केली तर पहिल्याच गाठीवर दाते पडतात. उसाचं उलट. तिथं पातं पातळ आणि हलकं लागतं. एक अंग सपाट ठेवून दुसऱ्या अंगानंच धार देतात, म्हणजे ते सपाट अंग जमिनीलगत सरकतं आणि ऊस बुडातून निघतो. दुकानात कोयता घेताना लोक रंग बघतात. मी आधी पातं नखानं वाजवून बघायचो. बद्द आवाज आला की ठेवून द्यायचा.

तोडकऱ्याला ठाण्यात आणलं. त्याची बायको मागोमाग येऊन ओट्यावर बसली. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "मुकादम म्हनतो, मानूस न्हाय तर तू बी टोळीत न्हाय. बैलं घिऊन म्या कुठं जाऊ? गावाकडं प्यायला पानी न्हाय."

आत नवऱ्याची चौकशी चालू होती. तो घाबरला होता, पण नजर खाली घालत नव्हता.

"भांडलो, व्हय. शिव्या बी दिल्या. पर कोयता रातीच कोपीपुढून गेला."

"मग तक्रार का नाही दिली?"

"कोयता गेला म्हनून कुनी पोलिसात येतं व्हय, साहेब? आन् माज्या धारंचा घाव असता, तर तितं घोंगडी आडवी आली नसती."

हवालदारांचा हात वर गेला. मी अडवला. पंचवीस जणांत एक आरोपी असं बोलणार नाही. स्वतःच्या गळ्यात फास अडकवणारं ते वाक्य होतं आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं.

ठाण्याच्या आवारातलं गवत काढायला आमचा एक जुना कोयता होता. तो आणि एक दगड मी त्याच्यापुढं ठेवला. "धार लाव," म्हटलं. हवालदार दारात काठी घट्ट धरून उभे राहिले. त्यांच्या मते फौजदाराचं डोकं फिरलं होतं.

तोडकऱ्यानं पातं न्याहाळलं, दगड बाजूला सारला. "कानस हाय का, साहेब? दगड कुऱ्हाडीला. उसाच्या कोयत्याला कानसच लागती." कानस मिळाल्यावर तो गुडघ्यात पातं धरून बसला आणि एकाच अंगावर, एकाच दिशेनं ती चालवत राहिला. दुसऱ्या अंगाला त्यानं फक्त बोट लावलं.

मग जप्त कोयता दगडावर कुणी घासला? ज्याच्या हाताला कुऱ्हाडीची सवय होती, त्यानं. भांडणाच्या वेळी कोप्यांपाशी टोळीशिवाय आणखी कोण होतं, हे मी बाहेर तोडकऱ्याच्या बायकोला विचारलं.

"मालकाचा चुलतभाऊ. वाढं मागाया आलता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळी सायकलवर खबर घेऊन आलेला तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. एकटाच आलोय असं दाखवून हवालदारांना आणि दोन पंचांना बाहेर थांबवलं. त्यानं चहा ठेवायला सांगितलं. मी ठाण्याचा कोयता पुढं केला. "रस्त्यात बाभळीची फांदी आडवी आलीय. जरा धार लावून द्या."

तो दारातल्या दगडापाशी बसला. पाणी शिंपडलं, पातं एका अंगानं घासलं, उलटलं, दुसऱ्या अंगानं घासलं. हात अगदी सफाईनं चालत होता. शेवटी त्यानं सवयीनं डाव्या हाताचे केस धारेनं भादरून पाहिले. शेजारीच एक बोटभर पट्टा आधीच भादरलेला होता.

"उसाचा कोयता असा घासत नाहीत," मी म्हणालो. "परवाचाही असाच घासला होतात ना?"

त्याचा हात थांबला. मी त्याच्या हातातला कोयता हळूच काढून घेतला.

ठाण्यात तो दुपारपर्यंत नाही नाही म्हणत होता. मीही उठलो नाही. शेवटी तोच बोलला. "इहीर दोघांची. त्येचा ऊस हिरवागार आन् माजी जवारी करपली. लेकरं काय ऊस खात्यात, साहेब?"

"आणि कोयता चोरलात तो चोरलात, धार कशाला लावलीत?"

त्यानं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "धार न बघता हत्यार घिऊन भाईर पडावं कसं?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, आरोपीनं दाखवून दिलेली वस्तू चालते. गोठ्याच्या छपरातून त्यानंच पंचांसमोर रक्ताचा सदरा काढून दिला. तोडकऱ्याला सोडण्याचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला.

मग दवाखान्यात गेलो. जखमी शेतकऱ्याला खरं सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"साहेब," तो म्हणाला, "तोडकऱ्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं." थोड्या वेळानं विचारलं, "मिटवता यील का? घरचं हाय."

मला संताप आला आणि तो मी लपवला नाही. "काल त्या तोडकऱ्याला जन्माची खडी फोडायला लावणार होतात. तेव्हा मिटवायचं सुचलं नाही? हा खुनाचा प्रयत्न आहे. तीनशे सात मिटत नसतं."

त्यानं दवाखान्याचं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

पुढं मी अनेक ठाणी पाहिली. गुन्हा घडला की गाव आधी परक्या माणसाकडं बोट दाखवतं आणि आम्ही पोलीस त्या बोटाच्या दिशेनं पळतो, कारण ते सोयीचं असतं. तेव्हापासून फिर्याद घेताना मी एक प्रश्न मनात ठेवला: हा माणूस परका नसता, तर मी एवढ्यावर त्याला धरलं असतं का?

त्या जोडप्याला टोळीत परत घेतलं. त्यांचा कोयता मुद्देमालात अडकला होता, म्हणून मी त्यांना वाशीच्या बाजारात नवा घेऊन दिला. निवडला मात्र तोडकऱ्याच्या बायकोनं. पातं नखानं वाजवलं, कान लावला, तीन परत ठेवले, चौथा घेतला.

"तुमचा जुना कोर्टातून सुटला की कळवतो," मी म्हणालो.

"नगं, साहेब," ती म्हणाली. "त्येला मानसाचं रगत लागलंय. आमाला उसालाच कोयता लागतो."