सुतळी-सफेद्याचा ब्रेक

त्या वर्षी आमची मागणी एकच होती. ब्रेक धड नसलेली गाडी सवाऱ्या भरून रस्त्यावर येता कामा नये. साकोलीच्या हमरस्त्यावर माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाड्यांविरुद्ध मी पत्रकं लिहीत होते, छापून आणत होते, बाजारात उभी राहून वाटत होते. आणि मला, पत्रकांना आणि आमच्या भोंग्याला गावोगाव नेणारी मोटार? ती सानगडीच्या काकाजींची. गोल बोनेटची, जुनीपुराणी. तीच पुढच्या डाव्या चाकामागे ब्रेकचं तेल गाळत होती.

हे मला कळलं ते साकोलीच्या सभेच्या तोंडावर. काकाजी धानाचे शेतकरी, गाडीचे हौशी. त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "एकडाव दाबला तर नाही लागत. दोनदा दाबला का लागते ना व बाई."

नेमकं हेच वाक्य एका सवारी गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडून ऐकून मी पत्रकात जाड ठशात छापलं होतं. त्या गाड्यांचा मालक सभेला येणार होता. आमच्या गाडीखाली तेलाचा एक डाग त्याला दिसला, की आमची तोंडं कायमची बंद. मी सांगून टाकलं, गाडी दुरुस्त होणार नसेल तर सभाच नको.

काकाजींनी गावातला पंपाचा मिस्त्री बोलावला. चाकाजवळ जिथे ब्रेकची नळी जोडलेली असते तिथला नट त्याने खोलला, आट्यांवर सुतळी गुंडाळली, वरून सफेदा, म्हणजे जोड बुजवायचा पांढरा लेप, फासला आणि पान्याला लोंबकळून नट आवळला. आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाचा जोड असाच बसवतात. पाणी थांबतं, मग तेल कसं थांबणार नाही? सकाळी बघितलं तर पुन्हा ओलं. पुन्हा सुतळी, पुन्हा आवळणं. पुन्हा ओलं.

मला संताप आला होता, पण संतापाहून कोडं मोठं होतं. पंपावर जी सुतळी चालते ती इथे का चालत नाही? तेल येतं तरी कुठून?

मी चिंधीने तो जोड कोरडा केला, वरून चुलीतली राख भुरभुरवली आणि काकींना ब्रेक दाबायला बसवलं. काकी त्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी पहिल्यांदाच बसत होत्या. "दाबून राहिली मी," वरून आवाज आला, "पण आपल्या गाडीत मले बसवाले या घराले आजच सुचलं." मी गाडीखाली पालथी. आट्यांपाशी राख कोरडीच राहिली. ओल उमटली ती नटाच्या पाठीमागे, नळी जिथून नटात शिरते त्या भोकात. सुतळीने एक वाट बुजवली, तेलाने दुसरी धरली.

म्हणजे गळती नटाच्याही आत होती. नळी बाहेर काढली. तिचं टोक तुतारीसारखं फुलवलेलं होतं, आणि त्या फुललेल्या काठाला केसाएवढी चीर. मिस्त्री ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. पंपाच्या जोडात पाणी आट्यांपाशी अडतं, इथे तेल अडवायचं काम त्या तोंडाचं. नट नुसता मागून रेटा देतो. आम्ही जितका आवळला, तितकी चीर वाढवली.

असं तोंड मिस्त्रीने पाहिलं होतं, तुमसरच्या राइस मिलमध्ये, डिझेल इंजिनाच्या नळीला. आम्ही दोघं नळी पिशवीत घालून तुमसरला गेलो. तिथल्या फिटरने चिरलेला काठ कापला, नळी दोन पट्ट्यांत आवळली आणि वरून टोकदार स्क्रू फिरवत आणला. लोखंडाची कडा कळीसारखी उमलत गेली. मी हरखून बघत होते. तेवढ्यात माझं लक्ष टेबलावर गेलं. नट तिथेच पडला होता. तोंड फुलवण्याआधी तो नळीत ओवायचा असतो, आता तो शिरणार कुठून?

"आता सुतळीनंच बांधा नट," मी म्हणाले. फिटर हसला, मिस्त्री नाही हसला. पुन्हा कापलं, नट ओवला, पुन्हा फुलवलं. नळी आखूड झाली, पण तिला एक जादा वाक होता, तो सरळ करून भागलं. घरी काकींनी पुन्हा पाय चालवला, आम्ही नळीतली हवा काढली. मग काकाजींनी तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, गाडी उताराला सोडली. शेजारी मी. एकदाच दाबला. थांबली.

सभेत गाड्यांचा मालक उठला. पहिले आपली गाडी दाखवा म्हणाला, मंग आमच्या गाड्यांची खोट काढा. लोक त्याच्यासोबत गाडीपाशी आले. त्याने दुपट्टा रस्त्यावर टाकला, गुडघे टेकले, चारही चाकांमागे हात घातला. बोटं हुंगली. कोरडी. मी भोंगा उचलला, बोलायचं खूप साठलं होतं.

"काय केलं जी याले?" डाव्या चाकामागच्या नव्या जोडावर बोट ठेवून त्याने खालूनच विचारलं. टोमणा नव्हता तो, त्याच्याही गाड्या तेल गाळत होत्या, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी भोंगा खाली ठेवला. सांगते म्हणाले, मिस्त्रीलाही बोलावते, पण आधी तुमच्या गाड्या थांबवा. पलीकडे त्याची एक गाडी निघण्याच्या बेतात होती, टपापर्यंत भरलेली. त्याने आमच्या गाडीकडे पाहिलं, त्या गाडीकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "उतरव सवाऱ्या."