बेकारांचा रकाना

फिटर शॉपमध्ये तुम्ही कधी झाडू मारलाय? मी मारलाय. सकाळी बेंचखालचा लोखंडाचा कीस डबाभर गोळा करून टाकावा, आणि संध्याकाळी पाहावं तर पुन्हा तेवढाच! आयटीआयमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. झाले बुवा सांगून, असं म्हणून मी उठतो, आणि चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "सर, तो पाहुण्याचा राहिला ना!"

मी नागपूरच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. हे किस्से सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतले. आमच्या ट्रेडच्या तेव्हा सोळा-सोळा पोरांच्या दोन तुकड्या होत्या, आणि दुसरी तुकडी बंद करायचं वरच्या ऑफिसच्या मनात होतं. कारण काय, तर आमची पोरं पास होऊन बेकार राहतात! तुकडी गेली असती तर दर खेपेला सोळा पोरं घरी बसली असती, आणि मी बदली होऊन कुठल्या कुठं फेकला गेलो असतो. तेव्हा हसत होतो खरा, पण एक डोळा वरून येणाऱ्या टपालावर ठेवून.

*

आमच्या शेजारी फिटर शॉप. तिथले ठवरे गुरुजी. बाकी आम्ही सगळे 'सर', ते एकटेच 'गुरुजी'. पोरगा नवा आला की गुरुजी त्याच्या हाती लोखंडाचा एक ठोकळा देत आणि कानस देत. घास! सगळ्या बाजू काटकोनात आल्या पाहिजेत. पोरगा आठवडाभर घासून ठोकळा आणायचा, गुरुजी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसून राहिला गा!" की पुन्हा घास.

एका पोराचे वडील नागपूरच्या महाल भागात कुलपं दुरुस्त करत. पोरगा रोज हात सोलून घरी येतो म्हणून एक दिवस ते स्वतःच चौकशीला आले. गुरुजींनी अभिमानानं ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटापालटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. जाणता माणूस!

"गुरुजी, काम तर एक नंबर आहे. पण हे लागते कुठी?"

"परीक्षेले."

"आन् परीक्षेनंतर?"

"भंगारात."

"मंग परीक्षा झाली की मले द्या. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटते, त्याले लावतो."

परीक्षेनंतर गुरुजींनी खरंच तो ठोकळा त्यांना पोहोचता केला. परत आले ते खूश होऊन. म्हणाले, "सर, एवढी नोकरी झाली, पण आपल्या शॉपमधला माल मार्केटमध्ये गेलेला आजच पाहिला!"

*

गुरुजींना हसायला मला तोंड नव्हतं. माझ्या शॉपमध्ये मोटर एकच होती. येणारी प्रत्येक तुकडी तीच मोटर खोलायची आणि तीच बसवायची. इतक्यांदा खोलून तिचे आटे झिजले होते, आणि शेवटी शेवटी ती रुसायला लागली. स्विच दाबला तरी गप्प. मग डाव्या अंगाला एक थाप मारायची, की लागली फिरायला! पोरांच्या हाताला त्या थापेची सवयच लागली.

आमचा एक पोरगा एका कारखान्यात इंटरव्ह्यूला गेला. तिथल्या फोरमननं त्याला एका बंद मोटरपुढं उभं केलं. "ही चालत नाही. काय करशील?"

आता फ्यूज तपासतो, कनेक्शन पाहतो, असं काहीबाही सांगायचं की नाही? या पठ्ठ्यानं दोन पावलं पुढं जाऊन डाव्या बाजूला सणसणीत थाप मारली.

आणि मोटर चालू झाली!

फोरमननं त्याला जागच्या जागी ठेवून घेतलं. पुढं कधीतरी ते गृहस्थ मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "सर, तुमचं ट्रेनिंग भारी आहे. फक्त कोणत्या बाजूनं मारायची तेवढं आमच्या जुन्या लोकांनाही शिकवून जा."

*

बेकारीचा बोभाटा वाढला तसं वरून फर्मान आलं, पोरांना स्वतःचा धंदा काढायला शिकवा. व्याख्यानासाठी एक अधिकारी पाठवले. मोठे गोड बोलणारे. "नोकरीच्या मागे धावू नका! नोकरी म्हणजे गुलामी! उद्योजक बना!" तासभर बोलले. पोरं इतकी गप्प बसून ऐकत होती की मला वाटलं, आता घरी जाऊन रात्रीतूनच कारखाने काढतात.

शेवटी साहेबांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

सोळाच्या सोळा हात वर! साहेब भारावून गेले. पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणाले, "विचार, बाळ."

"सर, तुमच्या ऑफिसात जागा निघाली आहे काय?"

बाकीचे पंधरा हात हळूच खाली आले.

*

पण खरा प्रश्न विचारला गजानन कळंब्यानं. हा नरखेडकडचा. घरी संत्र्याची बाग, विहीर, विहिरीवर नवाकोरा विजेचा पंप. एकदा मी फळ्यावर कारखान्यातल्या मोठ्या मोटरची आकृती काढत होतो. गजानन उभा राहिला.

"सर, ही मोटर आमच्या तालुक्यात एकाही माणसापाशी नाही. घरोघरी पंप आहेत आन् महिन्याला दोन-चार जळतात. ते काहून नाही शिकवत?"

"सिलॅबसमध्ये नाही गा."

"पण विहिरीत आहे ना सर!"

मी खडू खाली ठेवला. म्हटलं, "आण मग एखादा जळका."

आठवडाभरानं गजानन एसटीच्या टपावर घरचाच जळका पंप टाकून घेऊन आला. काय सांगू तुम्हाला, माझ्या शॉपमध्ये मी तसा उत्साह त्याआधी कधी पाहिला नव्हता. मधल्या सुट्टीतसुद्धा पोरं हलेनात. जळकी तार काढली, नवी भरली, वार्निश लावून वाळवली. तिसऱ्या दिवशी पंप असा गुणगुणायला लागला की ठवरे गुरुजी कानस सोडून पाहायला आले.

मग पंप बाहेर न्यायला निघालो तर गेटवर चौकीदार दुबेजी आडवे. "गेटपास?"

"अहो, आमचाच आहे. परवा तुमच्यासमोरून आत आणला!"

"अंदर आना मना नहीं है, साहब। बाहर जाना मना है।"

गेटपास द्यायचा आमच्या सोनकुसरे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी. त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर उघडलं. नोंद असलेल्या वस्तूलाच गेटपास मिळतो. आणि नोंद केली की वस्तू सरकारी होते, मग ती घरी नेता येत नाही! बाबूंनी हे अगदी शांतपणे समजावून सांगितलं. बाहेर मे महिन्याचं नागपूरचं ऊन, तिकडे नरखेडला बाग वाळून राहिलेली, आणि गजानन पंपाला मिठी मारून गेटापाशी बसलेला. त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

शेवटी आमच्या देशकर प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंत गेलो. हा माणूस महिन्यातून एखाद्या वेळी बोलायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर मागवलं. स्वतःच्या हातानं त्यात लिहिलं :

'नाव : श्री. पंप. राहणार : नरखेड. कोणाला भेटायचे : इलेक्ट्रिशियन इन्स्ट्रक्टर. कारण : प्रकृती अस्वास्थ्य. आता बरे वाटते. बाहेर जाऊ द्यावे.'

खाली सही म्हणून गजाननानं ग्रीसनं भरलेला अंगठा उमटवला. दुबेजींनी सगळं अक्षर न् अक्षर वाचलं, उठून उभे राहिले, गेट पूर्ण उघडलं आणि हात जोडून म्हणाले, "पंप जी, फिर आइएगा!"

आले ना! त्यानंतर असे पाहुणे दर महिन्याला येऊ लागले. काटोलचे आले, मौद्याकडचे आले, एकदा तर एक पाहुणे बैलांच्या रेंगीतून आले. सगळे बरे होऊन गेले.

*

या पाहुण्यांमुळे माझी पोरं हुशार झाली आणि मी मात्र गोत्यात आलो. कारण पंपाची तार भरता येणारी पोरं नोकरी शोधीनात, दुकानं टाकायला लागली. आणि वरून येणाऱ्या फॉर्मात रकाने तीनच होते : सरकारी नोकरी, खाजगी नोकरी, बेकार. सोनकुसरे बाबू नियमाला पक्के. स्वतःचं दुकान? मग नोकरी नाही. नोकरी नाही? मग बेकार! मी पुष्कळ हातापाया पडलो. बाबू म्हणायचे, "सर, चवथा रकाना मी घरून आणू काय?"

प्रमिला मेश्राम ही आमच्या ट्रेडची पहिली मुलगी. भावाची खाकी पँट घालून पोलवर चढायची, सगळ्या पोरांच्या आधी. पास झाल्यावर तिनं घरच्या ओसरीवर पंखे भरायचं काम काढलं. हाताखाली दोन माणसं ठेवली. बाबूंना तिला बेकार लिहिणं बरं वाटेना. त्यांनी आदरानं 'बेकार' खोडलं आणि 'गृहिणी' लिहिलं. तिचं तर लग्नही झालेलं नव्हतं! हे तिच्या कानावर गेलंच.

उन्हाळ्यात बाबूंचा टेबलफॅन बंद पडला. घाम पुसत बाबूंनी तो कुणाकरवी तरी प्रमिलाकडे पाठवला. तिसऱ्या दिवशी ती स्वतः घेऊन आली.

"कसा झाला वं?" बाबूंनी विचारलं.

"लावून पाहा ना बाबूजी."

फॅन असा फिरला की टेबलावरचे सगळे फॉर्म उडाले. आणि फॅनच्या बुडाशी सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : 'दुरुस्त करणार : एक गृहिणी, लग्न ठरायचे आहे.'

बाबू खूप हसले. पण रकाने तीनच राहिले.

*

आणि मग ज्याची भीती होती तो दिवस आला. जानेवारीत एक मोठे साहेब पाहणीला आले. पाहणी कसली, दुसरी तुकडी बंद करायचा कागद टाइप करूनच आणला होता. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत बसून त्यांनी बाबूंचा फॉर्म पाहिला. बेकारांचा रकाना खालपर्यंत भरलेला. पहिलंच नाव, कळंबे गजानन.

"हे बघा, अर्ध्याहून जास्त बेकार," साहेब पुस्तकी मराठीत म्हणाले. "ही तुकडी चालवण्यात शासनाचा कोणता हेतू साध्य होतो?"

मला सोळा रिकामे स्टूल डोळ्यांपुढं दिसायला लागले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि फोन वाजला. फोन साहेबांनाच होता, गावाहून भावाचा. साहेबांना गाव सोडून किती वर्षं झाली कोण जाणे, पण दोन मिनिटांत सगळं पुस्तक गळून पडलं.

"जळला? आत्ता जळला? अरे, पाणी सोडाचे दिवस आहेत! आता काय करू बा?"

साहेबांची बाग नरखेड तालुक्यातच निघाली. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याची जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरण्यासाठी झाडं महिनाभर तहानलेली ठेवलेली, आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी पंप गेला. आता पाणी चुकलं की बहार चुकला.

"तिकडं कोणी चांगला मेकॅनिक आहे का हो?" साहेबांनी विचारलं.

प्रिन्सिपॉलसाहेब त्या महिन्यात अजून बोलले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "एक आहे. आमचे सर दाखवतील."

जीपनं आम्ही नरखेडला पोहोचलो. आधी साहेबांच्या बागेतून जळका पंप उचलला आणि एसटी स्टँडच्या मागं गेलो. टिनाचं शेड, आणि शेडसमोर जळक्या पंपांची ही रांग! पंपांचे मालक झाडाखाली बसून होते. आत एक माणूस खाली मान घालून तार भरत होता.

"अरे ए," साहेब म्हणाले, "हा पंप आज पाहिजे."

मान वर न करता उत्तर आलं, "गुरुवारी या."

"आज सोमवार आहे!"

"मंग? हे सगळे शनिवारपासून बसून आहेत. एकटा माणूस काय काय करन?"

"मग ठेव ना हाताखाली माणसं!"

"भेटले तर ठेवीन ना जी! काम येणारा एक तरी..." असं म्हणत त्यानं मान वर केली आणि मी दिसलो. तार टाकून गजानन धावत आला, माझ्या पाया पडला.

"सर! बरे आले तुम्ही. मी नागपूरले येणारच होतो. तुमच्या दुसऱ्या तुकडीतले दोन पोरं मले द्या ना. आत्ता द्या, या जीपमध्येच पाठवा!"

"ती तुकडी बंद होऊन राहिली गा," मी म्हणालो.

"काहून?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या पंपाकडे पाहत होते.

"तू बेकार आहेस म्हणून."

गजाननानं वळून पंपांच्या रांगेकडे पाहिलं. झाडाखालची मंडळीही पाहायला लागली. साहेबांनी घसा साफ केला, रुमालानं कपाळ पुसलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,

"गजाननराव, दोन पोरांत भागेल काय तुमचं?"