शरणम्माची सही

भवानी पेठेत कडक भाकरी कुणाची चांगली असं विचारलं, तर दहातले नऊ जण शरणम्माचं नाव घेतील आणि दहावा तिच्याशी कधीतरी भांडलेला असेल. भांडणारे निघायचेच, कारण शरणम्मा उधार देत नसे. घेतही नसे. नवरा गेला त्या वर्षी किराणावाल्याने आपण होऊन सांगितलं होतं की ज्वारीचं पोतं घेऊन जा, पैसे सावकाश द्या. ती अर्धंच पोतं रोख घेऊन घरी आली होती. या गोष्टीचा तिला थोडासा गर्व होता. थोडासा म्हणजे रोज कुणाला तरी सांगण्याइतका.

माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, शाळा चौथीपर्यंत आणि तीही कन्नड. पस्तीस वर्षं सोलापुरात काढून मराठी ती फडाफडा बोलायची, भांडायची तर त्याहून फडाफडा. पण लिहायची वेळ आली की हात कन्नडच लिहायचा. वाण्याची यादीसुद्धा ती कन्नडमध्ये लिहायची आणि दुकानात उभी राहून स्वतःच वाचून दाखवायची.

छप्पन्नाव्या वर्षी तिच्या मनाने एक गोष्ट घेतली. गल्लीच्या तोंडाशी शिवलिंगप्पांचा गाळा रिकामा झाला होता. दोन शेगड्या, एक काउंटर आणि वर पाटी, एवढं झालं की डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणं संपलं. शिवलिंगप्पा म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबतो, पुढे मात्र गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला देईन. अनामत आणि सामानाचा आकडा तिच्या डब्यातल्या पैशांच्या कितीतरी पुढे जात होता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा शरणम्मा कर्ज मागायला निघाली आणि त्यासाठी नवी साडी नेसली.

बँकेत भारत नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने आधारची झेरॉक्स मागितली. शरणम्माने पर्समधून पेन काढून तिच्यावर आडवं काहीतरी लिहिलं आणि मग दिली. भारतने न बघता ती टाचून टाकली, कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि जरा वेळाने म्हणाला, मावशी, तुमचं सिबिल खराब आहे. शरणम्माला वाटलं, हा रक्ताचा रिपोर्ट असावा. आपल्याला काही त्रास नाही, असं तिने त्याला समजावून सांगितलं.

मग भारतने समजावलं की सिबिल म्हणजे कर्जफेडीची नोंद. चार वर्षांपूर्वी पुण्यात शरणम्माच्या नावावर एक पोस्टपेड नंबर घेतला होता आणि त्याबरोबर हप्त्यावर महागडा मोबाईल. एकही हप्ता भरला गेला नव्हता. एकतीस हजार चारशे थकले होते, आणि असल्या माणसाला बँक कर्ज देत नाही. शरणम्माने कमरेचा बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. पुण्याला ती एकदाच गेली होती, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला, आणि मंगल कार्यालयाबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. भारतला ते पटलं असावं, पण त्याच्या कॉम्प्युटरला पटत नव्हतं.

घरी येताना तिला राग आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि न केलेल्या गोष्टीची लाज वाटते म्हणून पुन्हा राग.

दोनच दिवसांत वसुलीवाल्याचा फोन आला. गोड आवाजात म्हणाला, एकतीस राहू द्या, सहा हजार भरा, विषय मिटवून टाकू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा तिचा मुलगा राजशेखर पाळी संपवून नुकताच आला होता. त्याचंही मत पडलं की द्यावेत आणि मोकळं व्हावं. गाळा गेला तर सहा हजार वाचवून काय करायचं? भारतने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं की अशी तडजोड केली तर तीही कागदावर डाग म्हणून राहते. शरणम्माला डागाचं एवढं कळलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं.

"दारात भुकेला आला अन् सहा हजार मागितला तर दिईन की," ती म्हणाली. "पण घेतलेलंच न्हाय ते फेडलं, तर घेतलं हुतं असंच हुतंय न्हवं?"

राजशेखर आईला अव्वा म्हणायचा आणि अव्वापुढे तो कधी जिंकला नव्हता. त्याने आपल्या फोनवरून रीतसर तक्रार टाकली. महिन्याने उत्तर आलं: कंपनीने तपासलं आहे, थकबाकी बरोबर आहे. त्या दिवशी शरणम्माच्या अकरा भाकरी करपल्या. शेजारणींनी विचारलं, तर ज्वारी खराब निघाली म्हणाली. तिला ओळखणाऱ्या कुणीही यावर विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती टोपलीसकट सात रस्त्याजवळच्या त्या फोन कंपनीच्या दुकानात गेली. काउंटरवर पूनम नावाची मुलगी होती. शरणम्माने सांगितलं, मी सही केली म्हणता, तर तो कागद दाखवा. पूनम म्हणाली की फॉर्म पुण्याच्या ऑफिसात असतो, मेल टाकावा लागेल, वेळ लागेल. टाक की, शरणम्मा म्हणाली, मी बसते.

आणि ती बसली. वसुलीवाल्यांना तगादा येतो म्हणतात, पण तगादा काय असतो हे पेठेत दारोदार भाकरी विकलेल्या बाईने त्या दुकानाला दाखवलं. रोज सकाळची फेरी संपवून अकराला यायची, टोकनच्या पाटीखालची खुर्ची धरायची आणि एकला उठायची. भांडली नाही, आवाज चढवला नाही. दारावरचा गार्ड सिद्धाप्पा मंद्रूपचा निघाला. त्याच्याशी ती कन्नडमध्ये शेरडांचे भाव आणि सुनांचे स्वभाव यावर बोलायची. बिलं भरायला आलेली माणसं टोपलीत डोकावायची. चौथ्या दिवशी दुकानात शेंगा चटणीचा वास भरला आणि मॅनेजरने नाक मुरडलं. सहाव्या दिवशी त्यानेच दोन डझन भाकरी घेतल्या. पूनमने तोवर पुण्याला पाच मेल टाकले होते. पहिला नियमाने आणि उरलेले चार समोरच्या खुर्चीकडे बघून.

दहाव्या दिवशी फॉर्म आला. पूनमने तो छापून काउंटरवर ठेवला, आणि तिचा चेहरा पडला होता.

"मावशी, आता मी काय करू?" ती हळूच म्हणाली. "आधारच्या झेरॉक्सवर तुमची सही आहे. तीच फॉर्मवर तीन ठिकाणी आहे. सही जुळते, असा शेरा मारलाय त्यांनी."

शरणम्माने चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. पूनमला वाटलं, बाई रडते आहे, म्हणून ती पाणी आणायला उठली. पदर तोंडात धरून शरणम्मा हसत होती.

तिने सिद्धाप्पाला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात देऊन म्हणाली, मोठ्यानं वाच.

सिद्धाप्पाने टोपी सारखी केली. "ग्यासिगे मात्र," त्याने वाचलं. खाली बोट नेलं. "हितं बी ग्यासिगे मात्र. हितं बी त्येच."

"म्हणजे काय?" पूनमने विचारलं.

"फक्त गॅससाठी," सिद्धाप्पा म्हणाला.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी शरणम्माने दुसरा सिलिंडर घेतला होता. आधारची झेरॉक्स कुणालाही देताना ती कशासाठी आहे ते वर लिहावं, हे राजशेखरने तिला शिकवून ठेवलेलं. तिने ते इमानाने लिहिलं होतं, अर्थात कन्नडमध्ये. ती झेरॉक्स कुठून कुठे फिरली देव जाणे, पण पुण्यात ज्या भामट्याच्या हाती लागली त्याला वाटलं, हीच बाईची सही. त्याने बिचाऱ्याने ती गिरवून गिरवून फॉर्मवर तीनदा उतरवली होती. वळणं काढताना घाम आला असणार. आणि कंपनीतल्या माणसांनी चारही ठिकाणचं ते ‘फक्त गॅससाठी’ शेजारी शेजारी ठेवून, सही जुळते असं लिहून दिलं होतं.

दुकानात ज्याला त्याला ही गोष्ट दोनदा ऐकायची होती. इतके दिवस आपल्याला वाटत होतं की तुम्हीच कुणा नातेवाइकाला फोन काढून दिला असेल, असं पूनमने शरणम्माला सांगून टाकलं आणि माफी मागितली. मग पत्र तिनेच लिहिलं. पोलिसांकडे अर्ज कसा द्यायचा ते राजशेखरला सांगितलं, आणि मजकूर आपण वाचल्याचं सिद्धाप्पाकडून लिहून घेतलं. खाली सिद्धाप्पाने कन्नडमध्ये सही केली. ही सहीच आहे ना, हे पूनमने त्याला दोनदा विचारलं.

साडेतीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. करार बनावट होता, थकबाकी रद्द झाली, आणि झाल्या त्रासाबद्दल एक ओळ खेद होता. नोंद पुसली गेल्याचं राजशेखरने फोनवर दाखवलं. शरणम्माला त्यातलं काही वाचता आलं नाही, तरी तिने फोन बराच वेळ हातातून सोडला नाही. दिवाळीला आठ दिवस होते. कव्हरवाला येऊन गाळ्यात फळ्यांची मापं घेऊन गेला होता, पण शिवलिंगप्पांनी शब्द फिरवला नव्हता.

बँकेत पुन्हा भारत होता. पुन्हा त्याने आधारची झेरॉक्स मागितली, आणि पुन्हा शरणम्माने पेन काढून तिच्यावर आडवं लिहिलं. भारत टाचायला गेला आणि थांबला.

"मावशी, हे काय लिहिलंय?"

शरणम्माने त्याच्याकडे बघितलं. हा एक प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून अडीच महिने गेले होते.

"भाकरीच्या दुकानाच्या कर्जाला," ती म्हणाली. "बाकी कशाला न्हाय. वाचता येत न्हाय तर इचारलंस, लई झालं बाबा."

भारतने तेच खाली मराठीत लिहून घेतलं. मग शरणम्माने कर्जाच्या कागदावर सही केली, तीही कन्नडमध्येच. या वेळी तो काही विचारायच्या आत तिने अक्षरांखालून बोट फिरवलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. शरणम्मा.