घासलेली सळई

अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीलाच सुटली.

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडलोट करते. तिथलं एक मशीन लोखंडी सळई तुटेपर्यंत वाकवत राहतं. लोखंड कधी थकतं, याचं संशोधन करणाऱ्या मॅडमची सळई आज फारच लवकर तुटली. भिंगातून बघत त्या म्हणाल्या, "इथं ओरखडा होता, मावशी. तुटायला इथूनच सुरुवात झाली. महिन्याची मेहनत गेली."

काल ती सळई टेबलावर मळकट दिसली, म्हणून मीच तारेच्या घासणीने लख्ख केली होती. नोकरी जाईल असं वाटलं, तरी सांगितलं.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. मग वही ओढून म्हणाल्या, "किती वेळा घासलीत? तेही लिहावं लागेल."

"पाच-सहा वेळा असेल."

झाडता झाडता मला लेक आठवली. सासरी कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तिला मी लहानपणापासून टोकून टोकून किती घासलं, त्याचा काही हिशेब नाही. फोनवर ती कधीच तक्रार करत नाही. इतके दिवस मला त्याचं कौतुक होतं. आज भीती वाटली.