मावशीने माझ्या कॉलेजची चौकशी केली

माझ्या मावशीइतकी चौकस बाई अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये, मला अजून राग येतो. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा ही बाई शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या फ्रिजला कान लावून बसली होती. ताईचं लग्न ठरत होतं तर मुलाच्या ऑफिसखालच्या चहावाल्याला गाठून ‘उधारी ठेवतो का रे हा?’ विचारून आली. वेबसाइट, जाहिरात, माहितीपत्रक यांवर तिचा काडीचा विश्वास नाही. ‘सगळं पावडर लावून काढलेल्या फोटोसारखं असतं गो,’ म्हणते.

तर मला लॉसाठी दोन कॉलेजं मिळत होती. एक परराज्यातलं, मोठ्या नावाचं, सगळं झकास, पण फी अशी की बाबांनी आकडा वाचून चष्मा पुसला आणि परत वाचला. दुसरं इथलंच, जुनं, स्वस्त, कुरकुरणाऱ्या पंख्यांचं. मला कोर्टात उभं राहून केसेस लढायच्या होत्या, आणि त्यासाठी अर्थातच मोठं कॉलेज हवं होतं. म्हणजे कर्ज. कर्जाला तारण. आमचं घर भाड्याचं, त्यामुळे तारण म्हणजे मावशीचा फ्लॅट. मावशी म्हणाली, ‘करते ना सही. आधी चौकशी करू दे.’ सीट घ्यायची मुदत रविवारपर्यंत, आणि हिला चौकशी सुचतेय, यार.

रोज डब्यात बेसनाचे लाडू घेऊन ती कोर्टाच्या कँटीनमध्ये जाऊन बसायला लागली. काळा कोट दिसला की लाडू पुढे. ‘कुठे शिकलास? पगार हातात किती येतो? सुखी आहेस ना? घरी कोण कोण?’ शुक्रवारी तिला माझ्या त्याच मोठ्या कॉलेजात शिकलेला एक मुलगा मिळाला, एका बँकेच्या लीगल खात्यातला. ही त्याला म्हणाली, ‘माझी भाची आहे. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. रविवारी घरी ये, निवांत बोलू.’ आता तुम्हीच सांगा, लाडू देऊन पगार विचारणाऱ्या बाईने असं म्हटल्यावर कुठलाही मराठी मुलगा काय समजेल?

रविवारी तो आईला घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढे. मी चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये, केसांना तेल चोपडलेलं. मावशीने पोहे दिले. त्याच्या आईने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, ‘स्वयंपाकाची आवड आहे ना?’

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, ‘तिचं राहू दे. याचं कर्ज किती बाकी आहे?’

त्याच्या आईने चमचा खाली ठेवला. ‘कर्ज कसलं हो? चांगलं मोठं पॅकेज आहे त्याला.’

‘ते ठीक. हप्ता जाऊन उरतं किती?’

माझं डोकं असं सटकलं ना. मी सरळ सांगितलं, ‘काकू, हा बघण्याचा कार्यक्रम नाहीये. मला तुमच्या मुलाच्या कॉलेजात जायचंय, बस.’

मुलगा आधी लाल झाला, मग हसायलाच लागला. शर्टाचं वरचं बटण काढून म्हणाला, ‘हुश्श. मग खरं सांगू? कॉलेज मस्तच आहे. पण मलाही कोर्टात उभं राहायचं होतं. नव्या ज्युनियरला जे मिळतं त्यात हप्ता बसत नाही. म्हणून बँकेत गेलो. दिवसभर लोकांची थकलेली कर्जं वसूल करतो आणि पगारातून माझं फेडतो.’ त्याची आई मान खाली घालून पोहे चिवडत राहिली.

ते गेल्यावर मी मावशीला नाही नाही ते बोलले. लाज काढलीस, वाट लावलीस, तुला सही करायचीच नव्हती.

‘पेन आण,’ ती म्हणाली. ‘फ्लॅट काय मी वर घेऊन जाणारे? फक्त तू नको त्या खुर्चीत अडकलेली मला बघवणार नाही, एवढंच.’

मी पेन आणलं नाही. संध्याकाळी मोठ्या कॉलेजला नकार कळवला आणि इथल्याला होकार.

वाटलं, आता ही बिल्डिंगभर सांगत सुटेल. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. गावाला आणि परत, याखेरीज ती कधी कुठे गेलेली नाही. म्हणाली, ‘त्या मोठ्या कॉलेजच्या मागे नदी आहे म्हणतात. तुला सोडायला आले की एक दिवस जास्त राहायचं, असं ठरवलं होतं मी.’

मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.