मिस डेनिसकडे जेवलो ती दुपार

मी निघालो त्या सकाळी आप्पा घरी नव्हते. तालुक्याच्या कबड्डी संघाची निवड होती आणि ते निवड समितीत होते. पोरगा अमेरिकेला चाललाय म्हणून निवड दोन तास पुढं ढकलावी, असं त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. शेवटी मुंबईला निघालेली गाडी आम्हीच शाळेच्या मैदानाशी थांबवली. आई रागानं आतच बसून राहिली. मी उतरलो. आप्पांच्या गळ्यात शिट्टी, हातात वही. मी पाया पडलो तर त्यांचं लक्ष माझ्या डोक्यावरून पलीकडे, डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कुठल्याशा पोराच्या पायांवर. "पोचलास की फोन कर," एवढं म्हणाले आणि लगेच मैदानाकडं वळून ओरडले, "अरे, टाच उचल की!" गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "या माणसाला मी जन्मभर हेच सांगत आले." काय सांगत आली ते मात्र तिनं सांगितलं नाही. इस्लामपूर मागं पडलं, कराड मागं पडल्यावर तिनं डबा उघडून मला खायला घातलं.

याला अकरा वर्षं झाली. तिकडं राहिलेल्या मंडळींना वाटतं, मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. इकडं आलेल्यांना वाटतं, यार, याची तर मजा आहे, फुटबॉल बघायचा पगार मिळतो! दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत काही अर्थ नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलं, आणि फिरत फिरत एका फुटबॉल टीमच्या स्काउटिंग डिपार्टमेंटला चिकटलो. टीमचं नाव लिहीत नाही, लिहायची परवानगी नाही. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, इथला. दर वसंतात कॉलेजात खेळणारी पोरं व्यावसायिक टीममध्ये वाटली जातात, एकेका टीमनं आपापल्या पाळीला एकेक नाव उचलायचं. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कुणाला उचलायचं ते ठरवण्यासाठी आमची फौज वर्षभर पोरं तपासत असते. उंची, हाताची लांबी, वेग, जुने सामने, स्वभाव, घरची माणसं, सगळं. म्हणजे आप्पा वहीत जे करायचे तेच, फक्त इथं त्यासाठी अख्खी इमारत आहे.

ऐकून आप्पा फोनवर हसले होते. "एवढं शिकून शेवटी निवड समितीतच गेलास होय रे?" ते खूष झाले होते, हे मला कळलं. त्यांनी ते सांगितलं नाही.

आप्पांचा एक नियम होता, त्यापायी आईनं आयुष्यभर मान खाली घातली. निवडीच्या हंगामात ते खेळाडूच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आईच्या सख्ख्या मावसबहिणीचा मुलगा निवडीला होता, तर त्यांच्याकडच्या साखरपुड्यात आप्पा तासभर कोरड्या तोंडानं बसून आले. आई घरी येऊन रडली. तिचा नियम बरोबर उलटा. "वाढलेल्या ताटाला नाही म्हणायचं नाही," ती म्हणायची, "आणि ज्यांच्याकडे जेवलो त्यांचं बाहेर वाईट बोलायचं नाही." मला आप्पांचा नियम चक्रमपणाचा वाटायचा. मी आईचा मुलगा. बाहेरदेशी आलो तो आईचाच नियम घेऊन आलो.

आता या वर्षाचं सांगतो.

आमच्या टीमला या ड्राफ्टमध्ये एकच गोष्ट जीव तोडून हवी होती: लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याच्या डाव्या बाजूनं येणारा माणूस त्याला दिसत नाही. तो अडवणारा भला थोरला गडी म्हणजे लेफ्ट टॅकल. गेल्या हंगामात आमचा क्वार्टरबॅक त्याच बाजूनं इतका आपटला, की शेवटी स्ट्रेचरवरून गेला. आमचा बॉस ग्रेग मीटिंगमध्ये स्पष्ट म्हणाला, "ही निवड चुकली तर पुढच्या वर्षी या खोलीत आपल्यापैकी कुणी नसेल." बाकीच्यांना त्याचा अर्थ दुसरी नोकरी एवढाच. माझा व्हिसा या नोकरीवर. बायकोचा, मुग्धाचा, माझ्यावर. माझं कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्टनंतर रिन्यू करायचं की नाही ते ठरणार होतं. नाही म्हणाले, की साठ दिवसांत देश सोडायचा. आमची रेवा आठ वर्षांची, इथंच जन्मलेली. मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिला उचलून इस्लामपूरच्या शाळेत बसवायचं, या विचारानं मुग्धाची भूक मेली होती आणि माझी झोप.

आमच्या यादीत पहिलं नाव होतं मार्कस. माझ्या आकड्यांनीच ते वर आणलं होतं. त्याच्या घरी जायचा स्काउट आजारी पडला, म्हणून ग्रेग म्हणाला, तू जा, आईला भेट, चार प्रश्न विचार आणि ये. मार्कसचं घर नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीच्या पलीकडे. आम्ही राहतो त्या हर्नडनहून मी पहाटेच ड्राइव्ह करत निघालो, पोचलो तर बारा वाजलेले. त्याची आई दारात उभी होती, रुंद, सावळी बाई, शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारी. त्या भागात वडीलधाऱ्या बाईला मिस म्हणतात, म्हणून मीही मिस डेनिस म्हणालो. मनातल्या मनात काकू म्हणत होतो. मार्कस जिमला गेला होता.

टेबलावर ताट वाढलेलं होतं. मी मांस खात नाही हे तिनं आधी आमच्या ऑफिसात फोन करून विचारून घेतलं होतं! भात, राजम्यासारखी उसळ, मक्याचा पाव, वाफवलेली भाजी. आमच्या स्काउटना घरी जेवायची मनाई नाही. पण ते दोन घास खाऊन थँक यू म्हणतात, घड्याळ बघतात. मी पोटभर जेवलो. पुरे म्हणालो तरी तिनं भात वाढला. वर म्हणाली, "इतक्या लांब आलास, तुझी आई मला काय म्हणेल?" हे वाक्य इंग्लिशमध्ये मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तोही भात संपवला आणि आणखी मागून घेतला, खोटं कशाला सांगू.

आणि मग भांडी उचलता उचलता ती बोलली. कंपनीच्या माणसाशी नाही, जेवायला आलेल्या पोराशी बोलली. दोन वर्षं झाली, मार्कसचा उजवा गुडघा सकाळी वळत नाही. जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरतो, मग तासभर बर्फ. डॉक्टरांच्या फोटोत काही दिसत नाही. त्यानं कुणाला सांगू दिलेलं नाही. "मी रोज देवाला म्हणते, पहिल्या कराराची एवढी चार वर्षं त्याचा पाय टिकू दे." एवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि मला घरी न्यायला पीचचा गोड पदार्थ फॉइलमध्ये बांधून दिला. रेवानं तो एका बैठकीत संपवला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: कुटुंब भक्कम, मुलगा आईच्या शब्दात, काळजीचं काही नाही. गुडघ्याचा ग नाही. लिहिताना मला जरासुद्धा अपराधी वाटलं नाही. उलट छाती भरून आली होती, खाल्ल्या मिठाला जागलो म्हणून. काय शहाणा!

ड्राफ्टला नऊ दिवस असताना ग्रेगनं सगळ्यांना खोलीत बसवलं. त्याची एक पद्धत आहे. फळ्यावरच्या पहिल्या नावाची पट्टी तो काढून हातात धरतो आणि टेबलाभोवती प्रत्येकाच्या समोर थांबून विचारतो, "मला माहीत नाही असं काही तुला माहीत आहे?" माझ्यासमोर थांबला. मी म्हणालो, नाही. पट्टी परत वर गेली. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी तो हेच पुन्हा विचारतो, आणि मग विषय बंद.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आम्ही मार्कसला घेतलं आणि ऑगस्टच्या सराव शिबिरात गुडघा गेला, तर पहिला प्रश्न येणार, घरी कोण गेलं होतं? मी गेलो. मी संपलो. आणि सांगितलं तर? तर ते पोर संपलं, आणि त्या बाईच्या भातावर मी माती टाकली. एकदा तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं रडलो, आणि बाजूच्या गाडीतल्या माणसानं आपली काच वर केली.

मुग्धाला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "आपल्याला इथं राहायचंय ना? मग यात विचार कसला करतोयस?" मग तीच रडायला लागली. "मी वाईट बाई नाहीये रे," म्हणाली. मी म्हणालो, मला माहीत आहे. मग सुरी उचलून उरलेली भाजी मीच चिरली.

आप्पांना फोन लावला. आता ते पंच्याहत्तरीला आलेत, ऐकायला कमी येतं. सगळं ओरडून सांगावं लागलं. आप्पा, तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, "मी जेवलोच नसतो." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांच्याकडं दुसरं उत्तरच नव्हतं. मागून आईचा आवाज आला, काय झालं, काय म्हणतोय तो? आप्पांनी तिला सांगितलं नाही.

शेवटच्या मीटिंगमध्ये ग्रेग पट्टी घेऊन माझ्यापुढं थांबला आणि मी सांगितलं. जिना, बर्फ, दोन वर्षं, सगळं. आवाज माझाच होता, पण शाळेत चहाडी करणाऱ्या मुलाचा असतो तसा. ते टीमच्या भल्यासाठी नव्हतं. मार्कसच्या पायाच्या काळजीनंही नव्हतं, जरी नंतर मी स्वतःला तसं समजावून पाहिलं. मी घाबरलो होतो. मला इथं राहायचं होतं. ग्रेगनं पट्टी फळ्यावर न लावता टेबलावर उलटी ठेवली. मला वाटलं, आता विचारेल, हे तुला कधीपासून माहीत आहे? त्यानं विचारलंच नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ग्रेट वर्क. आया तुझ्याशी बोलतात. पुढच्या वर्षी सगळ्या घरांना तूच जा."

गोष्ट कशी फुटली माहीत नाही, पण फुटली. ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीवाले पोरांच्या घरी कॅमेरे लावतात. मिस डेनिसनं पिवळा ड्रेस घातला होता, पाहुण्यांनी घर भरलेलं. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि कॅमेरा अधूनमधून तिच्यावर यायचा. ती हसत होती. मग हसू तसंच ठेवून बसली. पहिल्या दिवशी मार्कसचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा तिकडं फिरकलाही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणी बघत नसताना, कुठल्याशा टीमनं अगदी तळाला त्याला उचललं. तेवढ्यानं काही होत नाही. असली पोरं ऑगस्टपर्यंत घरी परत येतात. रेवानं विचारलं, "बाबा, इज दॅट द पीच लेडी? व्हाय इज शी सॅड?" मी टीव्ही बंद केला.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. व्हिसाचे कागद पुढं सरकले. मुग्धा पुन्हा नीट जेवायला लागली. मित्रांनी घरी येऊन पार्टी मागितली, ती मी दिली.

मिस डेनिसला मी सहा वेळा फोन केला. काय बोलणार होतो देव जाणे. तिनं उचलला नाही. सातव्या दिवशी तिचा मेसेज आला. दोनच ओळी. मी मराठीत लिहितो, कारण मला तो मराठीतच ऐकू येतो: "बाळा, मी तुला माझ्या घरी जेवू घातलं होतं. आता फोन करू नकोस." तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या "बाळा"नं मला कुठलाच ठेवलं नाही.

तिकडचे विचारतात, आता तिथंच घर झालं का रे? इकडचे तर विचारतच नाहीत, कारण उत्तर कुणालाच नको असतं. पत्ता आहे, गराज आहे, आता कागदही आहेत. इस्लामपूरला आई अजून माझी खोली झाडून ठेवते, तिथं जाऊन मी चार दिवसांत पाहुणा होतो. अकरा वर्षांत एकदाच, एका दुपारी, एका परक्या बाईच्या टेबलाशी मी खरोखर घरी होतो. आणि तेव्हाही मी कामावर होतो.